दानाला चांगला दिवस लागत नाही



गेल्या आठवड्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. यंदा १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ महिना आहे, त्यात कोणत्या तिथीला काय दान द्यायचं आणि त्याचं किती पट फळ मिळतं, याची यादी होती. खाली बाराजणींनी हात जोडले होते. एकीने मात्र प्रश्न विचारला, "मला एका मुलीच्या औषधाला पैसे द्यायचे आहेत. आत्ता दिले तर चालतील, की १७ तारखेपर्यंत थांबू?" तिला लगेच उत्तर आलं, "थांब गं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. पुण्य वाया कशाला घालवतेस?"

ग्रुपवर वाद नको म्हणून मी तिथे काही लिहिलं नाही. त्या मैत्रिणीला फोन केला आणि "आजच दे" एवढंच सांगितलं. पण मनात आलेलं सगळं इथे लिहिते आहे, कारण हे "थांब गं" मी स्वतःही एकदा एका बाईला ऐकवलं आहे.

"आपण जैन, अधिक महिन्याचं आपल्याला काय?" असं काहीजणी विचारतील. खरं सांगा, आपल्या घरात संक्रांतीचं वाण लुटत नाही का? धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावत नाही का? ग्रहण सुटल्यावर दारात आलेल्याला जुने कपडे देत नाही का? आमच्या सांगलीकडे तर शेजारीपाजारी, भिशी, हळदीकुंकू सगळं एकत्रच चालतं. भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्यांचं एकच. त्या कॅलेंडरातल्या दानाच्या तिथ्या आपणही पाळतो, तेव्हा त्यांच्यावर बोलायचा हक्कही आपल्याला आहे.

आधी माझी चूक सांगते.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता, १८ जुलैपासून. मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण घरातला पै-पैचा हिशेब चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. कपाटात पाकिटं असतात, प्रत्येकावर नाव. त्यातल्या एकावर मी लिहून ठेवलं होतं, 'अधिक मास, ६,०००'. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "काकू, पोरीच्या कॉलेजला सहा हजार कमी पडत्यात. चौदा तारीख शेवटची हाय. उचल द्या, पगारातनं कापून घ्या."

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कापायचं कशाला मावशी, तुम्हाला ते दानच देते. फक्त १८ तारखेला घ्या. अधिक महिना लागतो. तुमचंही भलं, माझंही भलं." त्या "बरं" म्हणाल्या. १८ तारखेला मी त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, पान-सुपारी ठेवली आणि पाकीट हातात दिलं. त्यांनी वाकून नमस्कार केला. मला फार बरं वाटलं.

दोन महिन्यांनी कळलं की चौदा तारीख गाठण्यासाठी त्यांनी कानातली फुलं गहाण टाकून महिना ५ टक्क्यांनी पैसे उचलले होते. चार दिवसांनी माझे पैसे मिळताच फेडले, पण व्याज पूर्ण महिन्याचं द्यावं लागलं. ३०० रुपये. मी विचारलं, "मावशी, मला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुमचा नेम होता काकू. तो मोडा म्हणून कसं सांगू?"

वर्षाला ६० टक्के दर झाला हा, हे वाणिज्य शाखेच्या मुलीला कोणी सांगायला नको. माझ्या पुण्याचं व्याज त्या बाईने भरलं. माझ्याकडे पैसे होते, द्यायची इच्छा होती, गरज समोर उभी होती. आड आली ती फक्त तारीख, आणि ती तारीख मी माझ्या फायद्यासाठी धरली होती.

तेव्हापासून मी जरा वाचायला लागले. शास्त्र खरंच असं सांगतं का, हे मला बघायचं होतं.

हिंदू धर्मशास्त्रात दानाच्या काळाचा विचार पुष्कळ झालेला आहे. आपल्या महाराष्ट्रातच, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात दानासाठी एक वेगळा खंडच आहे. हा हेमाद्री राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता, म्हणजे नोंदी-हिशेबातलाच माणूस. दानाचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार शास्त्रकारांनी केले. रोज द्यायचं ते नित्य. ग्रहण, संक्रांत अशा निमित्ताने द्यायचं ते नैमित्तिक. काही मिळावं म्हणून द्यायचं ते काम्य. इथेच थांबून बघा. रोजचं दान हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याला तिथी नाही. आपल्या मेसेजमधून मात्र हा प्रकारच गळून पडलेला असतो.

आता नैमित्तिक दानाच्या वेळा पाहा. अमावस्या, संक्रांत, ग्रहण, व्यतीपात, वैधृती, पितृपक्ष, अधिक मास. ही यादी मी वहीत लिहिली आणि माझ्या लक्षात आलं की यातल्या एकाही दिवशी आपण लेकीचं लग्न धरत नाही. व्यतीपात आणि वैधृती पंचांगात अशुभ योग. पितृपक्षात नवीन साडीसुद्धा घेत नाहीत. अधिक मासात लग्न, मुंज, वास्तुशांत बंद, म्हणून तर त्याला मलमास म्हणत. ग्रहणात तर चूलसुद्धा पेटत नाही. म्हणजे ज्या दिवसांना आपण बाकी सगळ्या कामांसाठी टाळतो, तेच दिवस दानासाठी सांगितले आहेत!

एवढंच काय, एरवी रात्री दान देऊ नये असा नियम आहे. पण ग्रहण, संक्रांत, लग्न, मुलाचा जन्म अशा प्रसंगी रात्रीही द्यावं, अशी सूट त्याच शास्त्राने ठेवली. निमित्त आलं की नियम बाजूला.

मग दानाचा 'शुभ मुहूर्त' हा शब्द आला कुठून? लग्नाचा, गृहप्रवेशाचा मुहूर्त आपण स्वतःचं चांगलं व्हावं म्हणून चांगल्या दिवशी काढतो. दान हे भीतीच्या, टंचाईच्या, दुःखाच्या दिवसाचं काम आहे. वाईट दिवशी द्यायचं, हा त्या यादीचा मला कळलेला अर्थ आहे. आणि वाईट दिवस कोणाचा, हे पंचांगात छापलेलं नसतं. ते दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर लिहिलेलं असतं. ६,००० रुपये कमी पडत होते तो मावशींचा व्यतीपात होता. तो ओळखण्याऐवजी मी कॅलेंडर बघत बसले.

जुन्या माणसांनी ज्या तिथ्या नेमल्या त्यांतही गरज शिवलेली होती. अक्षय्य तृतीया वैशाखातली. त्या दिवशी काय द्यायचं? पाण्याने भरलेला माठ, पंखा, छत्री, आंबे, पन्हं. ऐन उन्हाळ्यात रस्त्याने चालणाऱ्याला जे हवं ते. संक्रांत थंडीतली. तेव्हा तीळ, गूळ, घोंगडी. पितृपक्ष भाद्रपदातला, तेव्हा खरिपाचं नवं धान्य अजून घरात आलेलं नसायचं. तेव्हा जेवण, शिधा. वेळ आणि वस्तू दोन्ही घेणाऱ्याच्या बाजूने ठरवलेल्या होत्या.

आपण त्याचं काय केलं? अक्षय्य तृतीयेला माठ कोणी देत नाही, सोनं घेतात. द्यायचा दिवस आपण घ्यायचा करून टाकला, आणि पानभर जाहिराती त्याला 'शुभ खरेदी' म्हणतात. संक्रांतीला मी तुला प्लॅस्टिकचा डबा देते, तू मला प्लॅस्टिकची गाळणी दे. माझ्या माळ्यावर अशा वाणांचं एक खोकं भरलं आहे, तुमच्याही असेल. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे. परतफेड न करू शकणाऱ्याला, द्यायला हवं म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, किंवा कष्टी मनाने दिलेलं ते राजस. आपली वाणं आणि आपला 'इतक्या पट फळाचा' मेसेज यांतल्या कोणत्या रकान्यात बसतात, ते मी वेगळं सांगत नाही. फळाचे दर बघून तिथी निवडणं म्हणजे मुदत ठेवीचे दर बघून बँक निवडणं. बँकेत ते शहाणपण आहे. दानात तो धंदा आहे.

सगळ्यात जास्त राग मला धोंड्याच्या महिन्याच्या आजच्या थाटाचा येतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी पडणारी ११ दिवसांची तूट भरून काढायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. हिशेबाचा मेळ बसवायचा हा महिना! म्हणून ३३ अनारसे, ३३ बत्तासे. जावयाला विष्णू मानून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, इतकी साधी गोष्ट होती. आता जावयाला चांदीचं ताट, अंगठी, विहीणबाईंना पैठणी. ज्यांना परवडतं त्यांनी करावं. पण आपलं बघून आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका कर्ज काढतात, "धोंडे घातले नाहीत तर पोरीला सासरी बोलून घ्यावं लागंल" म्हणून. घेणारा तालेवार आणि देणारा कर्जबाजारी, याला दान म्हणायचं?

आपल्या घरातलीच एक गोष्ट आठवा. भगवान ऋषभदेव दीक्षेनंतर आहारासाठी निघाले, तेव्हा लोकांनी त्यांच्यापुढे रत्नं आणली, हत्ती-घोडे आणले, वस्त्रं आणली. प्रेमाने आणली. पण मुनीला काय द्यायचं हे कोणाला माहीतच नव्हतं. वर्षाहून अधिक काळ ते आहाराविना राहिले. शेवटी हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने त्यांना उसाचा रस दिला. तो दिवस वैशाख शुद्ध तृतीया. श्रेयांसाने तिथी बघून रस दिला नाही. अतिथी दारात आला तेव्हा दिला, आणि म्हणून ती तिथी अक्षय्य झाली. दिवसामुळे दान मोठं झालं नाही, दानामुळे दिवस मोठा झाला. आपण दरवर्षी उसाचा रस देऊन हा दिवस साजरा करतो आणि नेमकी हीच गोष्ट विसरतो.

हिंदू परंपरेतही कर्णाची अशीच कथा सांगतात. आयुष्यभर सोनं दान केलं, पण पितरांसाठी अन्न दिलं नाही, म्हणून स्वर्गात त्याच्यापुढे सोनंच वाढलं गेलं. मग अन्नदानासाठी पंधरा दिवस तो परत आला, तोच पितृपक्ष. तिथेही मुद्दा तोच, समोरच्याला काय हवं आहे?

आणि महाभारतातलं मुंगूस तर मला फार आवडतं. युधिष्ठिराने अश्वमेध केला, अपार दान दिलं. तिथे अर्धं अंग सोन्याचं असलेलं एक मुंगूस आलं आणि म्हणालं, हा यज्ञ त्या सातूच्या पिठाच्या बरोबरीचा नाही. कुरुक्षेत्रावर दुष्काळात एक गरीब ब्राह्मण, त्याची बायको, मुलगा आणि सून असे चौघं मोठ्या कष्टाने मिळालेल्या सातूच्या पिठाचे चार वाटे करून जेवायला बसले, तेवढ्यात पाहुणा आला. चौघांनी आपापला वाटा देऊन टाकला. तिथे सांडलेल्या पिठात लोळून त्या मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं होतं. उरलेलं अर्धं युधिष्ठिराच्या यज्ञात झालं नाही. राजाच्या यज्ञाला मुहूर्त होता. त्या चौघांकडे फक्त भुकेला पाहुणा होता.

आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा. दुष्काळात लोक तडफडत होते, कोठारं बिदरच्या बादशहाची होती. ती त्यांनी उघडली. त्यांनी पौर्णिमेची वाट पाहिली असती तर आज त्यांचं नाव कोणी घेतलं नसतं. आणि इतकं लांब कशाला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीत शिरलं तेव्हा ज्यांच्या घरात पाणी नव्हतं त्यांनी पोळ्यांचे डबे भरले, चादरी दिल्या, घराची दारं उघडी ठेवली. त्या दिवशी कोणती तिथी होती, हे मी आजतागायत कोणाला विचारताना ऐकलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेते. माझ्या जाऊबाई म्हणतात, "तिथी काढून टाकलीस तर लोक देणारच नाहीत. तारीख आहे म्हणून हात खिशात जातो." हे मला शंभर टक्के मान्य आहे. माणूस विसरतो, टाळतो, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. विजेच्या बिलाला मुदत नसती तर आपण ते भरलं असतं का? सम्राट हर्षवर्धन प्रयागला दर ५ वर्षांनी खजिना रिता करत असे, आणि इसवी सन ६४३ मध्ये चिनी प्रवासी ह्युएन त्संगने ते डोळ्यांनी पाहिलं. ठरलेली वेळ होती म्हणून ते सातत्याने घडलं. म्हणून "आम्ही मुहूर्त-बिहूर्त मानत नाही" म्हणणाऱ्या नव्या मुलांनाही मी विचारते, मानत नाही हे ठीक, पण मग या वर्षात दिलंत किती आणि कोणाला? मुहूर्त मानणारी सासू निदान वर्षातून चार वेळा तरी देत होती. मुहूर्तही नाही आणि दानही नाही, ही काही सुधारणा नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की तिथी ही बिलावरच्या तारखेसारखी शेवटची तारीख आहे. त्या दिवसापर्यंत दिलंच पाहिजे. त्या दिवसापर्यंत देऊ नये, असं तिचं म्हणणं कधीच नव्हतं. आधी बिल भरलं म्हणून आजवर कोणाची वीज तोडली गेलेली नाही.

आणि जी तिथी आपण इतकी काटेकोर धरतो ती तरी कुठे स्थिर आहे? स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, मकर संक्रांतीचा. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. प्रत्यक्ष सूर्य तर २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळतो. संक्रांत सरकत राहते. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाची थंडी मात्र त्याच्यापाशीच असते.

मी आता काय करते ते सांगते. पटलं तर घ्या.

पाकिटावर तिथीचं नाव लिहिणं मी बंद केलं. आता फक्त 'दान' लिहिते. दर महिन्याच्या १ तारखेला त्यात ठरलेली रक्कम पडते, घरखर्चात कितीही ओढ असली तरी. कोणी मागितलं की पहिला प्रश्न विचारते, "कधीपर्यंत हवेत?" हा प्रश्न मावशींना मी विचारलाच नव्हता, त्यांनी आपणहून सांगितलं तरी ऐकला नव्हता. अन्न आणि औषध यांना प्रश्नसुद्धा विचारत नाही. अन्नासाठी भूक हीच पात्रता, हे तर शास्त्रातलंच वचन आहे. आपल्याकडच्या आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांतलंही कोणतं दान उद्यावर टाकण्यासारखं आहे, सांगा बरं?

मग तिथी येते, तेव्हा मी वही उघडते. अक्षय्य तृतीयेला, संक्रांतीला, पितृपक्षात. पाकिटात काही उरलं असेल तर त्या दिवशी सगळं काढून देते, एक रुपया मागे ठेवत नाही. आणि अधिक महिना हा माझा मोठा ताळेबंद. गेल्या बत्तीस-तेहतीस महिन्यांत कोणाला 'थांब' म्हटलं, कोणाचं राहून गेलं, ते शोधून भरून काढायचं. आकाशातली तूट भरून काढणारा महिना आहे, तर घरातली तूटही त्याच महिन्यात भरून निघू दे.

या अधिक महिन्यात जावयाला जेवायला जरूर बोलवा, धोंडे करा. पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला एकदा जवळ बसवून विचारा, "तुमच्याकडे धोंड्याचं काय ठरलंय? कर्ज तर काढत नाही ना?" वाटलं तर तिच्या घरच्या पुरणाचं सामान आपल्या यादीत घाला. आणि हे १७ मेच्या आधी करा, कारण कर्ज महिना लागण्याआधीच काढलं जातं.

मावशी अजून माझ्याकडे येतात. मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. ते ३०० रुपये मी त्यांना दिले, तेव्हा त्यांनी घ्यायला खूप नाही-होय केलं. मी म्हटलं, "मावशी, हे दान नाही. हे माझं देणं आहे." तेव्हा घेतले.

तो दिवस कोणता होता, पंचांगात काय होतं, मला आठवत नाही. वहीत मात्र नोंद आहे.

जय जिनेंद्र.